दान की देणे?



गेल्या वर्षी उन्हाळ्यात दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीतून बाहेर आलो, तेव्हा आपल्यापैकीच एक मावशी हातात घडी केलेला स्टॅम्पपेपर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या वस्तीशेजारी एक कारखाना आहे, अनेक वर्षे बंद पडलेला. गाड्यांमधून काढलेले जुने काळे ऑइल तेथे शुद्ध करीत असत. कारखान्याचे आणि वस्तीचे नाव मी मुद्दाम देत नाही. जुन्या पद्धतीत अशा ऑइलवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करतात आणि तळाशी डांबरासारखा आंबट गाळ उरतो. कारखाना बंद झाला, मालक दुसरा आला, पत्रे विकले गेले. गाळ मात्र आवारातच राहिला. "फादर, पानीले वास येस," मावशी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. हातपंपाच्या पाण्यावर तेलकट साय येते, भांड्यांना डाग पडतात.

नव्या मालकाचा माणूस वस्तीत येऊन गेला होता. प्रत्येक घराला काही हजार रुपये मिळणार होते आणि त्या बदल्यात सही करायची होती की आमची कोणतीही तक्रार नाही आणि पुढेही असणार नाही. मावशींचा प्रश्न साधा होता. सही करू का नको?

मी घाईत होतो. एका आजारी माणसाला कम्युनियन देण्यासाठी जायचे होते. मी म्हणालो, "मावशी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. क्षमा करा, पैसे घ्या आणि देवावर भार टाका." मावशींनी मान हलवली आणि त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. सही केलेली नव्हती. म्हणाल्या, "फादर, माझ्या वाटची माफी मी करीन. पण नातू तीन वर्षांचा आहे. त्याच्या वाटची माफी मी कशी करू?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. क्षमा आणि न्याय यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. पण मावशींनी विचारलेला प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नव्हता. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. आधी दिलेला सल्ला चुकीचा होता, एवढे मात्र मला कळले. आजचा लेख म्हणजे ती चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न आहे.

क्षमा कुणाची, कुणाच्या वतीने?

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाणे बरे नव्हे. संत पौलाने करिंथकरांची कानउघाडणी केली होती, हे आपण ऐकलेले असते. पण ती कानउघाडणी कशासाठी होती? एकाच मंडळीतले भाऊभाऊ आपसांतील क्षुल्लक भांडणे घेऊन बाहेरच्या न्यायाधीशापुढे जात होते म्हणून. तोच पौल फिलिप्पै येथे चौकशीशिवाय फटके खाऊन तुरुंगात पडला आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा तो निघाला नाही. आपण रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. पौलाला क्षमा ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? कायद्याने दिलेला हक्क मागणे आणि मनात सूड बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला माहीत होते.

क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याने द्यायची देणगी आहे. माझ्या गालावर बसलेल्या थपडेची क्षमा मी करू शकतो. शेजाऱ्याच्या गालावरच्या थपडेची क्षमा मी केली, तर ते औदार्य होत नाही, तो आगाऊपणा होतो. जे मूल अजून बोलतही नाही, ज्याच्या शरीरात हे पाणी पुढची वीस वर्षे जाणार आहे, त्याच्या वतीने कायमची सही करण्याचा अधिकार आजीलाही नाही. मावशींना हे पुस्तकाशिवाय समजले होते.

दुसरी गोष्ट. क्षमा झालेल्या अपराधाची असते. जो अपराध आजही चालू आहे, ज्याचा गाळ आजही पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरतो आहे, त्याबाबत पहिले कर्तव्य तो थांबवण्याचे आहे. घराला आग लागलेली असताना आग लावणाऱ्याला मनातून माफ करावे जरूर, पण पाण्याची बादली खाली ठेवू नये.

जक्कयाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. प्रभू येशू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयाने नुसते डोळे पुसले नाहीत. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने जाहीर केले. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात परतफेडीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की अन्यायाने घेतलेले परत करणे ही तारणासाठी आवश्यक गोष्ट आहे. त्यात आणखी एक बारीक भेद आहे. परतफेडीचे बंधन दोन कारणांनी येते: एक, आपण ते घेतले म्हणून, आणि दोन, ती वस्तू आज आपल्या हातात आहे म्हणून. घेतले दुसऱ्याने असले तरी जो आज ती वस्तू बाळगून आहे, त्याच्यावरही बंधन येते.

हा भेद सातशे वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्या बंद कारखान्यांना तंतोतंत लागू पडतो. "गाळ जुन्या मालकाने टाकला, माझा काय संबंध?" असे नवा मालक म्हणतो. "मी तर जमीन विकून टाकली," असे जुना मालक म्हणतो. भोपाळकडे पाहा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. १९९४ मध्ये भारतीय कंपनीतील भाग विकले गेले आणि तिचे नाव बदलले. १९९८ मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. २००१ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मालक बदलत गेले आणि आवारातला विषारी कचरा तिथेच राहिला. जवळच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन कचरा थेट जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला जाळण्यासाठी हलवला गेला, तोही उच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर. तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, कारण आता हे आपल्या दारात आले, अशी भीती त्यांना वाटली.

पीथमपूर आपल्याला परके नाही. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरकडे जाताना ते वाटेवर लागते. आणि भुसावळ जंक्शनवरून इटारसीकडे जाणारी गाडी पुढे भोपाळलाच पोहोचते. आपल्या खानदेशाच्या एका बाजूच्या रस्त्यावर आणि दुसऱ्या बाजूच्या रुळावर हा प्रश्न उभा आहे.

आपल्या टाकीतले पेट्रोल

पण तेल म्हटले की आपल्या राज्यात पहिले नाव येते ते मुंबईतील माहुलचे. चेंबूरच्या पलीकडे खाडीला लागून असलेले हे जुने कोळीवाडे. १९५४ आणि १९५५ मध्ये तेथे एस्सो आणि बर्मा शेल यांच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या. १९७० च्या दशकात त्या सरकारी मालकीच्या झाल्या आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. नंतर खताचा कारखाना, वीजकेंद्र आणि रसायने साठवणाऱ्या टाक्या आल्या. माहुल आणि आंबापाडा या गावांतील माणसांनी खाडीतली मासळी कमी होताना पाहिली आणि हवेला वास येताना सोसला.

२०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने तेथील रहिवाशांची श्वसनविषयक पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले, ८४.५ टक्के लोकांनी छातीत गुदमरल्यासारखे होते असे सांगितले आणि ८६.६ टक्के लोकांनी डोळ्यांची आग होत असल्याचे सांगितले. गावातील काही रहिवासी २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने मान्य केले की तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली.

याच माहुलमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर २०१७ पासून महापालिकेने हजारो कुटुंबांना तेथील इमारतींत घरे दिली. लोक आजारी पडू लागले. ऑक्टोबर २०१८ पासून अनेक कुटुंबे विद्याविहारला फुटपाथवर येऊन बसली. ती म्हणत होती, आम्हाला फुकट घर नको, श्वास घेता येईल असे घर हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की माहुलला राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल, तर सरकारने या कुटुंबांना दरमहा पंधरा हजार रुपये भाडे आणि पंचेचाळीस हजार रुपये अनामत द्यावी.

मुंबईची ही गोष्ट खानदेशातल्या रविवारच्या पत्रिकेत कशाला, असे तुम्ही विचाराल. मुंबईच्या रिफायनरीतून पेट्रोल आणि डिझेल जमिनीखालच्या पाइपलाइनने मनमाडला येते. मनमाडजवळच्या पानेवाडीतील डेपोंमधून टँकर भरून निघतात आणि आपल्या भागातील बऱ्याच पंपांवर येतात. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. मीही मोटारसायकल ढकलत त्या रांगेत उभा होतो. दोन दिवस पेट्रोल नाही म्हणून आपण हवालदिल झालो. ते पेट्रोल जेथे तयार होते, तेथे कुणाची छाती भरून येते, याचा विचार आपल्याला कधी शिवला नव्हता.

मोटारसायकल वापरणे पाप आहे, असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला भेटायला मी तिच्यावरूनच जातो. पण ज्या वस्तूचा फायदा आपण सर्वजण घेतो आणि तिचा त्रास मात्र थोड्या लोकांच्या वाट्याला जातो, तेथे त्या थोड्या लोकांचे आपण काहीतरी देणे लागतो. ते दानात मोडत नाही.

वकील आणि गरीब

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. अशा वस्तीला कोणी वकील फुकट मदत करतो, कोणी संस्था अर्ज लिहून देते, तेव्हा ती दया असते की न्याय?

संत थॉमस यांनी हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारला आहे, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. गरिबाचा खटला चालवण्याचे बंधन वकिलावर आहे का? त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. जगातल्या सगळ्या गरिबांचे खटले एक वकील चालवू शकत नाही, तसे बंधन त्याच्यावर नाही. पण जो आपल्या जवळ आला आहे, ज्याची गरज उघड आहे आणि ज्याला दुसरीकडून मदत मिळण्याची चिन्हे नाहीत, त्याला मदत करणे वकिलाला बंधनकारक आहे. एरवी वकिलाने योग्य आणि माफक फी घ्यायला त्यांची हरकत नाही. मात्र खोटी बाजू जाणूनबुजून चालवणे हे पाप आहे, असे ते स्पष्ट सांगतात.

या उत्तराला मी नम्रपणे एक पुस्ती जोडू इच्छितो. संत थॉमस यांनी गरिबाच्या वकिलीला दयेच्या कृत्यांत धरले. त्यांच्या काळी आजच्यासारखी कायद्याने दिलेली मोफत मदत नव्हती. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला बजावले आहे की न्यायाने जे देणे आहे, ते प्रेमाची भेट म्हणून देऊ नये. आणि आपल्या देशाने तर हे लिहूनच ठेवले आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९ अ हे कलम आले: पैशाअभावी किंवा अन्य अडचणीमुळे कोणीही न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. त्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या बाराव्या कलमात कोणाला मोफत वकील मिळतो, याची यादी आहे. आपल्या धर्मग्रामाकडे पाहत ती ऐका. प्रत्येक स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो. प्रत्येक मूल. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींतील प्रत्येक व्यक्ती. अपंग व्यक्ती. औद्योगिक कामगार. पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्तीचे बळी. शिवाय ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली आहे असे सर्व. म्हणजे आपल्या चर्चमध्ये दर रविवारी बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक या यादीत आहेत! आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मला स्वतःलाच मावशी दारात येईपर्यंत नीट ठाऊक नव्हते.

ज्याला हक्क आहे, त्याने उपकार मागितल्यासारखे खाली मान घालून उभे राहू नये. आणि मदत करणाऱ्यानेही आपण मोठे दानशूर, असे मनात आणू नये. संत आयव्हो हे तेराव्या शतकात ब्रिटनीमध्ये धर्मगुरू आणि वकील होते. गरिबांचे खटले चालवले म्हणून ते 'गरिबांचे वकील' म्हणून ओळखले गेले. १९ मे हा त्यांचा सण. आपल्या धर्मग्रामात कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली आहेत. त्यांनी या संताचे नाव लक्षात ठेवावे.

तीन प्रामाणिक शंका

हे सर्व मी काही लोकांशी बोललो, तेव्हा तीन शंका पुढे आल्या. त्या खऱ्या आहेत. त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिली शंका: न्याय मिळेपर्यंत माणूस मरतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ मध्ये तेथे रंग बनवण्यासाठी लागणारे एच-ॲसिड तयार करणारे कारखाने सुरू झाले. थोड्याच काळात विहिरींचे पाणी काळपट तपकिरी झाले. गावकरी खवळले आणि १९८९ च्या आरंभी कारखाना बंद झाला. पण गाळ राहिला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये निकाल लागला की ज्याने दूषित केले त्यानेच साफसफाईचा आणि नुकसानाचा खर्च द्यावा. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व आपल्या देशात रुजले ते मुख्यतः या गावामुळे. मात्र पैसे भरायचे टाळत कंपनी अर्जावर अर्ज करीत राहिली. २०११ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा आदेश दिला आणि खटला लांबवल्याबद्दल वेगळा दंडही केला. बावीस वर्षे! मग "पैसे घ्या आणि मोकळे व्हा" हा माझा सल्ला व्यवहारी नव्हता का?

यावर मी असा विचार करतो. आज भूक लागलेल्याने आज मिळणारी भाकरी नाकारावी, असे नीतिशास्त्र सांगत नाही. टँकरचे पाणी, औषधांचा खर्च, तात्पुरती मदत जरूर घ्यावी. कोर्टही अंतिम निकालाआधी अशी मदत देववू शकते. पण मदत घेणे वेगळे आणि "पुढे कधी तक्रार करणार नाही" अशी सही करणे वेगळे. एसावाने भुकेच्या वेळी एका वाटीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. त्याची भूक खोटी नव्हती, सौदा चुकीचा होता. म्हणून कोणताही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. हा वकील फुकट मिळतो, हे वर सांगितलेच आहे.

दुसरी शंका एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या भावांची. ते म्हणतात, "फादर, अशा तक्रारी वाढल्या तर कारखाने बंद पडतील. मग आमच्या पोरांनी काय खायचे?" ही शंका हलकी नाही. एकाच बाकावर कारखान्यातला कामगार आणि त्याच कारखान्याच्या मागे राहणारी बाई शेजारी बसतात आणि एकच भाकर स्वीकारतात. पण विचार करा, गाळाचा पहिला वास कुणाला येतो? कामगारालाच. बिछडीचा कारखाना खटल्याने नव्हे, स्वतःच्या निष्काळजीपणाने बंद पडला. गाळाची नीट विल्हेवाट लावायला खर्च येतो. तो खर्च मालक टाळतो तेव्हा तो नाहीसा होत नाही, दवाखान्याच्या बिलाच्या रूपाने वस्तीत येतो. तो जेथला आहे तेथे परत पाठवणे, एवढेच न्याय मागणे आहे.

तिसरी शंका आपल्याच विषयी आहे. भरपाई मिळते म्हटले की प्रत्येक खोकला कारखान्याच्या माथी मारण्याचा मोह होतो. ज्याने बिडीने छाती खराब करून घेतली तोही रांगेत उभा राहतो. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा गरिबालाही आहे. एक खोटा दावा शेजारच्या दहा खऱ्या दाव्यांवर संशय आणतो. माहुलच्या लोकांचे म्हणणे टिकले, कारण त्यांच्यामागे पाहणी होती, आकडे होते.

काय करता येईल?

उपदेश करून थांबलो, तर मी पुन्हा मावशींना रिकाम्या हाती परत पाठवल्यासारखे होईल. म्हणून थोडे कामाचे.

पहिले, कागद जपा. पाण्याचा रंग-वास कधी बदलला, तारीख लिहा. फोटो काढा. डॉक्टरांची चिठ्ठी टाकून देऊ नका. पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल मागा.

दुसरे, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालये जळगाव आणि धुळे येथे आहेत. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.

तिसरे, २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित जागांविषयी नवे नियम जाहीर केले. संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने सहामाही द्यायचा आहे, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत त्यांची तपासणी करायची आहे आणि साफसफाईचा खर्च जबाबदार माणसाकडून वसूल करायचा आहे. जबाबदार माणूस सापडला नाही, तर केंद्र आणि राज्य यांनी तो उचलायचा आहे. नियम कागदावर आहेत. एखादे आवार यादीत यावे म्हणून कुणीतरी ते दाखवून द्यावे लागते.

चौथे, मुदत विसरू नका. हरित लवादाकडे भरपाई किंवा जागा पूर्ववत करून घेण्यासाठी साधारण पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. इतर वादांना मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. जागा जुनी आणि नुकसान आजचे असेल, तर मुदत कधीपासून धरायची हे वकीलच सांगू शकेल. म्हणून उशीर नको.

पाचवे, मोफत वकिलासाठी जळगाव आणि धुळे येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. एकट्याने जायला संकोच वाटत असेल, तर मला सांगा. मी बरोबर येईन.

शेवटी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. ती अनुभवातून आली आहे, हे खरे. बांधावरून भाऊबंदकी करून दोन्ही घरे धुळीला मिळालेली आपण पाहिली आहेत. त्या भांडणांपुरती ती म्हण शहाणी आहे. पण वस्तीचे पाणी बिघडले असताना तीच म्हण ऐकवली, तर तिचा फायदा कुणाला होतो? ज्याने पाणी बिघडवले त्याला. मी मावशींना ती म्हण ऐकवली तेव्हा नकळत त्याचीच वकिली करीत होतो, तीही फुकट.

शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. प्रभूने ही गोष्ट चिकाटीच्या प्रार्थनेविषयी सांगितली, हे आपण जाणतो. पण उदाहरण म्हणून त्याने देवळात बसलेली बाई निवडली नाही. कचेरीच्या दारात उभी असलेली, वादीविरुद्ध न्याय मागणारी बाई निवडली. तिला तो दोष देत नाही.

मावशींच्या गल्लीत बहुतेकांनी सही केली. त्यांना मी नावे ठेवीत नाही. काहींना तर माझ्यासारख्यांचाच सल्ला मिळाला असेल. मावशींनी आणि आणखी दोन घरांनी सही केली नाही. तालुका समितीकडे त्यांचा अर्ज गेला आहे, एक तरुण वकीलबाई त्यांना मिळाल्या आहेत आणि पाण्याचा नमुना तपासायला दिला आहे. निकाल काय लागेल, हे मला माहीत नाही. पिण्याचे पाणी त्या अजूनही दूरच्या नळावरून आणतात. मिस्सेनंतर दारात भेटल्या की मी आता आधी विचारतो, "मावशी, तारीख कधीची आहे?"

परमेश्वर आपल्या सर्वांना न्यायाची भूक आणि सत्य बोलण्याचे धैर्य देवो.

आपला,
धर्मगुरू